खडपाकडची शीळ

मागच्या पडवीतल्या पिंपात शीळ वाजली.

दुपारचं घर अगदी निजलेलं होतं. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन पडल्या होत्या. माझा नवरा रुपेश जाळी दुरुस्त करायला किनाऱ्यावर गेला होता. आणि शर्वी माझ्या मांडीवर, एक पाय लॅपटॉपच्या कळांवर टाकून झोपली होती. तो पाय वाचवत मी एका बोटाने कोड लिहीत होते. ती झाल्यापासून माझं सगळं काम असंच होतं, तिच्या झोपेच्या कडेकडेने.

शीळ पुन्हा आली. खालून वर चढणारी, मध्ये एक बारीक गचका, मग पुन्हा वर. पाण्यातून येते म्हणून जराशी घोगरी. तिचा अर्थ मला पाठ होता, कारण ती मीच बनवली होती: ‘मी ऐकतोय, सांग.’

पण त्या वेळी ऐकणारं कुणी नव्हतंच. आमच्या धामवेळ गावच्या सगळ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या आणि होड्यांच्या तळाशी बसवलेले ‘कान’ बंद होते. तरीही कावळ्याच्या खडपाजवळ, म्हणजे समुद्रातल्या खडकाजवळ, तरंगणाऱ्या बोयाने त्या शिळेला ‘ओ’ दिली आणि मासा कुठे आहे ते इमानदारीत सांगायला सुरुवात केली. माझ्या पडद्यावर ऐकणाऱ्यांमध्ये एक जण वाढला. थोड्या वेळाने तो नाहीसा झाला. शर्वीने कूस बदलली आणि तिच्या टाचेने माझी अर्धी ओळ पुसून टाकली.

हे पहिल्यांदा होत नव्हतं. कुणीतरी आमचं ऐकत होतं.

आमचं गाव मालवणच्या वर, खाडीच्या तोंडाशी. इथे पिढ्यानपिढ्या रापण चालते. एक लांबच लांब जाळं होडीतून अर्धगोल टाकायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायची. पूर्वी मासा आला की पाण्याचा रंग पाहून कळायचं. पण अलीकडे समुद्र तापला, वरचं पाणी माशाला सोसेना, आणि बांगड्या-तारलीचे थवे खालच्या गार पाण्यातून जाऊ लागले. वरून पाहणाऱ्याला काही दिसेना. शेजारच्या गावांतल्या रापणी एकेक करून बंद पडल्या. माझ्या माहेरचीसुद्धा.

मासा दिसत नसला तरी ऐकू येतो. हजारो मासे एकदम वळले की पाण्याखाली रेशमी कापड फाटल्यासारखा आवाज होतो. तो ऐकणारे बोये आम्ही खाडीच्या तोंडापासून खडपापर्यंत सोडले. ते लाटांवर हलतात त्यातूनच त्यांना वीज मिळते. बोये बनवणं सोपं होतं, त्यांना बोलायला लावणं अवघड. पाण्याखाली रेडिओ हातभरही जात नाही. तिथे आवाजच चालतो, आणि तोही सावकाश, तुटक, लाटांनी विसकटलेला. सगळ्यांनी एका मोठ्या यंत्राला सांगायचं आणि त्याने सर्वांना कळवायचं, असं करता आलं असतं. पण ते यंत्र बंद पडलं की सगळं गाव बहिरं. शिवाय ते ज्याच्या घरात, मासा आधी त्याला कळणार.

म्हणून मी संगणकाच्या सी भाषेतली एक जुनी, लहानशी लायब्ररी घेतली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेलं, आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यायचं कोड. हिचं काम फक्त निरोप पोचवण्याचं. मध्ये कुणी मुकादम नाही. या टोकाला निरोप टाकला की तो त्या टोकाला निघतो. समोरचा झोपला, उशिरा आला, मध्येच उठून गेला, ते सगळं ती सांभाळून घेते. निरोपात काय लिहिलंय ते मात्र ती कधी उघडून बघत नाही, चांगल्या पोस्टमनसारखी. तिच्या बोलण्याच्या रीती मोजक्या आहेत. एक दवंडीची: ज्याला हवं त्याने ‘मी ऐकतोय’ म्हणायचं, की सांगणारा सांगू लागतो, कुणीच ऐकत नसेल तर तोही गप्प बसतो. दुसरी प्रश्नाची: एकाने विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत पुढचं काही विचारायचं नाही. रोज पहाटे बोये याच रीतीने एकमेकांना ‘आहेस का?’ म्हणून विचारतात. दोन्ही रीतींना मी दोन वेगळ्या शिळा दिल्या, कारण शीळ लांब जाते. मासा किती, कुठे, हा बाकीचा मजकूर तिच्या पाठोपाठ बारीक टिकटिकीत.

माईंना मी हे सगळं समजावून सांगितलं होतं, शर्वी पोटात असताना. त्यांनी कोकमं फोडता फोडता शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “लायब्ररी ता बरा, पण पुस्तकां खय ठेवतलस?” मग थोडं थांबून म्हणाल्या, “उत्तर येईसर दुसरो प्रश्न नाय? ह्या आदी तुज्या चेडवाक शिकव.” चेडू म्हणजे मुलगी. मुलगी होणार हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

पिंपातला बोया म्हणजे खडपाजवळच्या बोयाचा जुळा. तिकडे पाण्यात जे ऐकू येई ते, त्या एकाच बोयाला लावलेल्या एरियलवरून, किनाऱ्यावरच्या खांबामार्फत आमच्याकडे येई, आणि हा ते जसंच्या तसं वाजवून दाखवी. शर्वीसाठी तो पहिल्यापासून घरातलाच कुणीतरी होता. बोलायला लागण्याआधी ती त्याची शीळ घालायला शिकली.

आता त्या अनोळखी ऐकणाऱ्याचं. दार आम्हीच उघडं ठेवलं होतं. रापणीचा जुना नियम आहे की दोर ओढायला किनाऱ्यावर जो येईल त्याला येऊ द्यायचं. पाहुणा असो, वाटसरू असो, त्याचं नावगाव विचारायचं नाही. दोराला हात लावला की माशात वाटा. बोये टाकले तेव्हा मी रापणकरांच्या संघाच्या बैठकीत विचारलं होतं, की ऐकणाऱ्याने आधी ओळख सांगावी असं एक कुलूप घालू का. रापणीचे म्होरके लवूकाका कुबल यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवळाच्या पायरीला तिकीट लावायला निघाले होते. “दोराक कुलूप घालतत काय?” ते म्हणाले. विषय संपला. मलाही बरंच वाटलं होतं.

पण या मोसमात मासा विचित्र वागायला लागला. बोया सांगे, थवा खडपाच्या बाहेर आहे. होडी जाळं सोडत निघेपर्यंत थवा बिथरून आत आलेला असे. कधी तो आयताच जाळ्यात शिरे, कधी जाळं पुरतं टाकायच्या आत किनाऱ्याशी येऊन फुटून जाई. त्यातला पहिला प्रकार कुणी लक्षात ठेवला नाही, दुसरा सगळ्यांनी ठेवला. बाहेर पर्ससीनच्या, म्हणजे गोल जाळ्याने अख्खा थवा उचलणाऱ्या, मोठ्या बोटी हिंडताना दिसत होत्याच. कुणीतरी आधी जाऊन मासा हुसकावतंय, अशी कुजबुज सुरू झाली. आणि पडद्यावर एक ऐकणारा जास्त दिसतो हे मी लपवू शकले असते, पण लपवलं नाही. बैठकीत सांगून टाकलं.

मग लवूकाकांनी, अगदी हळू, विचारलं, “बाय, तुजो भाव खयच्या बोटीर असता?”

त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. माहेरची रापण बंद पडल्यावर सिद्धेश, माझा धाकटा भाऊ, वरच्या बंदरात पर्ससीनच्या बोटीवर इंजिन सांभाळायला लागला होता. बोयांचे सांगाडे त्यानेच जोडून दिले होते. ती शीळ पिंपात पहिल्यांदा वाजली तेव्हा तो शेजारी उभा होता.

मी म्हणाले, सिद्धू असं करणार नाही. पण घरी येताना वाटेत मी गणित मांडत होते, आणि ते मला नको तसंच सुटत होतं. संध्याकाळी फोन केला. सरळ विचारायचा धीर झाला नाही. आडून विचारलं, की तुमच्या बोटीवर ऐकायचं काही यंत्र वगैरे बसवलंय का रे.

मागे इंजिन धडधडत होतं, ते त्याने बंद केलं. मग म्हणाला, “ताय, चोर म्हणायचं तर तोंडावर म्हण. एवढा वळसा कशाला?” आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याने उचललाच नाही. दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीजेला तो एकही वर्ष चुकला नव्हता, मी पुण्यात शिकत असताना रात्रभर उभ्याने प्रवास करूनसुद्धा आला होता. शर्वी रोज विचारायची, मामा येताना खेकडा जिवंत आणणार की मेलेला. मी म्हणायचे, बघू.

संघाने ठरवलं की मी कुलूप घालावं, आणि भाऊबीजेपर्यंत फरक पडला नाही तर बोये काढून ठेवावेत. मी रोज सकाळी बदलणारी नवी शीळ केली. ती फक्त आमच्या कानांनाच माहीत. अनोळखी ऐकणारा पडद्यावरून गेला.

मासाही गेला. म्हणजे होता तिथेच होता, खडपाबाहेरच्या खोल पाण्यात, आणि तिथून हलत नव्हता. आमचं जाळं तिथवर पोचत नाही. रापण रोज रिकामी येऊ लागली. दोर ओढणाऱ्यांत कुणीतरी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, कुलूप बरा घातलान, मासो पण भायरच रवलो. हसले सगळे. मीही हसले, आणि घरी येऊन करंज्यांच्या पिठावर राग काढला.

पिंपातली शीळ मात्र थांबली नव्हती. जुनीच शीळ. बोया आता तिला ओळखत नव्हता, गप्प राहत होता. पुन्हा शीळ, पुन्हा गप्प. कुणी दार वाजवून बाहेर तिष्ठत उभं राहावं तसं. त्या आवाजाने मला काम सुचेना. एका दुपारी एकदम ध्यानात आलं, की शीळ खडपाच्या अगदी जवळून येते, आणि सिद्धूची बोट तिथे येऊच शकत नाही, तिचा तळ लागेल. इतकी साधी गोष्ट. पण संशय घरात शिरला की साध्या गोष्टी आधी बाहेर हाकलतो.

मग कोण?

पाडव्याच्या सकाळी मी आणि माई करंज्या भरत होतो. शर्वी पिठाच्या हातांनी पडवीत पळाली. स्टुलावर चढून पिंपात डोकावत ती बराच वेळ स्वतःशीच काहीतरी घोकत होती. मग तिथूनच तिने मला सांगितलं, मोठ्या माणसाने तक्रार करावी तशा आवाजात:

“आई, मोठी बरोबर म्हणते. छोटीला येतच नाही.”

कोण मोठी, कोण छोटी, मी आतूनच विचारलं. तिने शीळ घालून दाखवली. आधी अख्खी: चढ, गचका, चढ. मग दुसरी, बारीक आवाजात, गचका विसरलेली, शेवटी घसरलेली. “अशी चुकते. मग मोठी परत सांगते. मग ती परत चुकते.”

मी हात न धुताच पिंपापाशी गेले.

खरंच दोन होत्या. एक स्वच्छ, सावकाश. मग थोडी शांतता. मग एक किनरी, घाईघाईची, अर्धवट. पुन्हा स्वच्छ, या वेळी गचक्यापाशी जरा जास्त थांबून. पुन्हा किनरी. पडद्यावर हे कधी दिसणारच नव्हतं. जी शीळ तंतोतंत जुळत नाही ती कचरा समजून टाकून द्यायची, असं मीच लिहून ठेवलं होतं. ती छोटी रोज माझ्या कचऱ्यात जात होती.

आणि ती चाल मला माहीत होती. शर्वीला चपलेचा बंद लावायला शिकवताना मी असंच करते. करून दाखवायचं, थांबायचं, ती चुकते ते पाहायचं, हसू दाबायचं, आणि जरा जास्त सावकाश पुन्हा करून दाखवायचं. कुठलीही पर्ससीनची बोट असं करत नाही. असं फक्त आई करते.

“माई,” मी म्हणाले, “ते गादे आहेत.”

गादे म्हणजे डॉल्फिन. आमच्या किनाऱ्यावर ते नेहमीचेच. माईंनी करंजीची कड मुरडता मुरडता मान वर केली. “मगे? तुका काय वाटला, मासो फक्त आमीच खातो?”

रुपेश आला तेव्हा मी त्याला जेवूही दिलं नाही. शर्वीला घेऊन आम्ही तिघं होडीने निघालो. वाटेत मी त्याला सांगत होते, बहुतेक स्वतःलाच. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते, ती त्याच्या नावासारखी. दुसऱ्याला हाक मारायची तर ते त्याची शीळ हुबेहूब काढतात. बोया आणि होडीतले कान एकमेकांशी बोलत असताना हे शेजारी पोहत असणार. त्यांनी काय ऐकलं? एक शीळ आली की खडपाकडचा तो गोल प्राणी लगेच ‘ओ’ देतो, टिकटिक करतो, आणि तो टिकटिकला की जवळपास मासा असतो. त्यांना ते बोयाचं नाव वाटलं असेल. त्यांनी नावाने हाक मारली. लायब्ररी नाव विचारत नाही, तोंड बघत नाही, शीळ जुळली की ऐकणारा मानते. तिने त्यांना ऐकणाऱ्यांत बसवून घेतलं.

“म्हणजे मासा हुसकावत होते ते हेच,” रुपेश म्हणाला.

“हुसकावत नव्हते. आत आणत होते. खोल पाण्यात त्यांच्या हाती लागत नाही, उथळ पाण्यात लागतो. आपल्यासारखंच. मी कुलूप घातलं आणि मासा कुठे ते त्यांना कळेना, म्हणून तो बाहेरच राहिला.”

खडपापाशी त्याने मोटर बंद केली. पाणी तेलासारखं स्थिर होतं. आधी एक करडी पाठ वर आली, फुस्स झालं, आणि तिच्या कुशीला चिकटून एक इवलीशी पाठ, जिचं फुस्स शिंकेसारखं होतं. शर्वी हसून हसून होडीत बसली. मी फोन काढला आणि कुलूप काढून टाकलं. संघाला न विचारता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढेन.

पाण्यातून शीळ आली, स्वच्छ. बोया गप्प राहिला नाही. त्याचा हिरवा दिवा लागला आणि टिकटिक सुरू झाली. मोठी पाठ जागच्या जागी वळली आणि खोल पाण्याच्या दिशेने निघाली. छोटी मात्र जरा मागे राहिली. तिने एकदा प्रयत्न केला. चढ, गचका, चढ. होडीच्या फळीतूनही ऐकू आली.

“आलं तिला,” शर्वी म्हणाली.

संध्याकाळी किनाऱ्यावर मी पिंपातला बोयाच उचलून नेला आणि सगळ्यांना ऐकवलं. कुलूप काढल्याचंही सांगितलं. काही जण हसले, एकाने विचारलं की आता गाद्यांना संघाचं कार्ड काढून देणार काय. लवूकाका बोयाशी वाकून ती किनरी शीळ पुन्हा पुन्हा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, उद्या सकाळी बघू. जाताना माझ्यापाशी थांबले. “तुज्या भावाक माजो फोन लाव.” मी काकांच्या फोनवरून लावला. त्याने उचलला नाही. त्यांचाही नाही. मग मी ती शीळ सिद्धूला पाठवली, दोन्ही आवाजांची. खाली लिहिलं, हा चोर आहे. माझं चुकलं.

भाऊबीजेच्या सकाळी बोयाने थवा सांगितला, खडपाबाहेरच. होडी जाळं सोडत निघाली. आणि मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खडपाच्या पलीकडून पाठी येत होत्या, एक रांग धरून, मध्येमध्ये फुस्स करत, आणि त्यांच्यापुढे पाणी वाऱ्याशिवायच थरथरत होतं. होडीने अर्धगोल पुरा केला तेव्हा थवा नेमका आत होता आणि पाठी बाहेर थांबल्या होत्या. लवूकाकांनी हात वर केला. दोर ताठ झाला.

मी शर्वीला माईंकडे दिलं आणि दोराला लागले. गावातलं जे कोण उभं होतं ते लागलं. जाळं जड होतं. या मोसमात दोर एवढा जड मी पाहिला नव्हता. वाळूत टाचा रुतवून मागे रेलताना मी पलीकडच्या दोराकडे पाहिलं, किती जण आहेत ते बघायला. शेवटच्या टोकाला, बाह्या वर सारून, ओणवा होऊन सिद्धू ओढत होता.

त्याला कुणी काही विचारलं नाही. नियमच तसा आहे.

बांगडे वाळूवर आले तेव्हा किनारा चांदीचा झाला होता. वाटे पडायला लागले. लवूकाकांनी पहिल्या पाटीला हात घातला आणि ती पाण्याकडे उचलून न्यायला सांगितली. कुणीतरी म्हणालंच, गाद्यांचो वाटो कसो, दोराक हात खय लावल्यानी.

“हात खय आसत तेंका?” लवूकाका म्हणाले. “आंग लावल्यानी.”

पाटी रिकामी झाली. पाणी उसळलं. एक इवलीशी पाठ हवेत पुरती वर आली, आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या पोरांनी एकदम आरडाओरडा केला. मग काकांनी दुसरी पाटी स्वतः उचलली आणि सिद्धूच्या पायाशी नेऊन ठेवली. दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिले. काका म्हणाले, आमच्या रापणीर येशीत तर एक जागा आसा, इंजिनाचो खोकलो आयकणारो माणूस होयो. सिद्धू म्हणाला, बघतो. त्याच्या ‘बघतो’चा अर्थ मला कळतो. तो ‘हो’ असतो.

घरी औक्षणाला बसल्यावर मात्र त्याने मला सोडलं नाही. म्हणाला, “बरं झालं गादा निघाला. एवढ्या हुशार जनावराच्या जागी मला कुणी आजवर धरलं नव्हतं.” मी त्याच्या कपाळाला कुंकू जरा जास्तच लावलं, नाकापर्यंत. तो शर्वीसाठी खेकडा आणायला विसरला होता. त्याने शपथेवर सांगितलं, की सकाळी निघताना मनात फक्त दोर होता.

जेवणं झाली. माई आत पडल्या, रुपेश आणि सिद्धू पडवीच्या पायरीवर बसून इंजिनाबद्दल वाद घालू लागले. मी शर्वीला घेऊन पिंपापाशी बसले. मला ती लायब्ररी पुन्हा एकदा मनापासून आवडत होती. कुणीतरी, कुठेतरी, कधीतरी ती लिहिताना ठरवलं होतं की निरोप उघडून बघायचा नाही आणि ऐकणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. त्या माणसाच्या मनात समुद्र नसणार, गादे तर नसणारच. पण मोकळं ठेवलेल्या जागेत कोण येऊन बसेल ते कुणाला सांगता येतं?

पिंपात शीळ वाजली.

शर्वी मला टेकून बसली होती, ती ताठ झाली. ही ‘मी ऐकतोय’ची शीळ नव्हती. वरून खाली येणारी, मध्ये थांबणारी, आणि शेवट हवेत तसाच सोडून देणारी. ही दुसरी होती. पहाटे बोये एकमेकांना घालतात ती, विचारण्याची. घातली होती बारीक, किनऱ्या आवाजात, एकही चूक न करता.

तिच्या मागोमाग टिकटिक आली. आमच्या ठरलेल्या टिकटिकीतली नव्हती, मला तिच्यातलं एक अक्षरही लागेना. पण लायब्ररीने कुठे उघडून पाहिलं? तिने शीळ ओळखली, प्रश्न आला असं नोंदवलं, आणि बोयाचा पिवळा दिवा लावला. पिवळा म्हणजे उत्तर बाकी. उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्याने पुढचं काही विचारायचं नाही.

आम्ही थांबलो. खडपाकडून आणखी काही आलं नाही. ती रीत छोटीने शिकून घेतली होती, माझ्या मुलीला अजून जमत नाही ती. ती थांबली होती.

शर्वीने पिंपातल्या पिवळ्या उजेडात बोट बुडवलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं,

“आई, काय विचारतेय ती?”